हाताचा मान
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



एखादी संस्था शंभर वर्षे टिकते, तेव्हा तिच्यामागे किती हात राबलेले असतात याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडत नाही. पुस्तके लिहिणाऱ्यांची नावे मुखपृष्ठावर असतात, देणगी देणाऱ्यांची नावे भिंतीवरच्या फलकावर असतात. परंतु ज्या सुताराने कपाटे घडवली, ज्याने जीर्ण ग्रंथांना पुन्हा शिवून पुठ्ठे चढवले, ज्याने कापडी पाठ लावली, त्यांची नावे कोठेच नसतात. आजचा माझा विषय या अनामिक हातांशी निगडित आहे. पारंपरिक हस्तकलांचे शाळकरी मुलांमध्ये पुनरुज्जीवन आणि त्यासाठी परदेशांशी करावयाची देवघेव, असा विषय मला देण्यात आला. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल, तर तिचे उत्तर मी भाषणाच्या उत्तरार्धात देईन.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते, पुढे मध्यप्रांतात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले नि आपण मध्यप्रदेशात राहिलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याच्या सीमा हलल्या. घरातली मराठी मात्र हलली नाही. बाहेरच्या जगाला आपण दोन गोष्टींमुळे ठाऊक आहोत. एक संत्री, आणि दुसरी गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जे घडते, त्याची छायाचित्रे दरवर्षी दूरदूरच्या वर्तमानपत्रांत येतात. परंतु त्याच सणाच्या दिवसांत वऱ्हाड-नागपूरकडची लहान मुले लाकडी बैल सजवून, त्यांना चाके लावून, दोरीने ओढत तान्हा पोळा साजरा करतात, आणि त्या बैलामागे सुताराचे, रंगाऱ्याचे, दोर वळणाऱ्याचे कसब असते, याची वार्ता कोणी देत नाही. दगड फेकणारा हात जगाने पाहिला. घडवणारा हात पाहिला नाही.

आणि असे घडवणारे हात आपल्याकडे थोडेथोडके नव्हते. सौंसरच्या हातमागावरील साडी मध्यप्रदेशच्या विणकामात स्वतःचे स्थान राखून आहे. लोधीखेड्याची ओळख हातमागाचे कापड आणि तांब्यापितळेची भांडी अशी होती. कोष्ट्यांचे माग, बुरुडांच्या सुपाटोपल्या, कुंभाराचे माठ, सुताराचे तिफण नि वखर, ही सारी एका कृषिजीवनाची अंगे होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त बलुतेदारांचे जे व्यवहार नोंदवले, ते वाचताना आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. संत्रीसुद्धा एके काळी बांबूच्या टोपल्यांतून बाजारात जात. आज प्लॅस्टिकचे क्रेट आले, आणि टोपली विणणाऱ्या बोटांचे काम संपले.

देशभरचे चित्र याहून वेगळे नाही. हातमागाच्या राष्ट्रीय गणनेत १९९५-९६ साली विणकर आणि त्यांचे सहकारी कामगार मिळून सुमारे ६५ लाख माणसे मोजली गेली होती. २००९-१० च्या गणनेत ती सुमारे ४३ लाख झाली, आणि २०१९-२० च्या चौथ्या गणनेत सुमारे ३५ लाख. पाव शतकात जवळजवळ निम्मी माणसे मागावरून उठली. ती कोठे गेली? कोणी यंत्रमागावर, कोणी बांधकामावर, कोणी शहरात पहारेकरी म्हणून. ज्यांना शिक्षण लाभले ते नोकरीत गेले आणि सुखी झाले. त्यांच्याविषयी हळहळ व्यक्त करण्याचा अधिकार, ज्याने कधी धोटा हाती धरला नाही अशा माणसाला नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

कारागिरी का लोपली, या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असे की गिरणीचा माल स्वस्त झाला आणि ग्राहक गेला. हे उत्तर खरे आहे, परंतु अपुरे आहे. आपल्या समाजात हाताच्या कामाला दाम कमी होता, त्याहूनही मान कमी होता. एखाद्या विणकराला आपण विचारले की, बाबा, मुलाला मागावर का बसवत नाहीस, तर तो मजुरीचा आकडा सांगेल. परंतु आकड्यामागे दुसरी गोष्ट असते. मागावर बसलेल्या मुलाला गाव ज्या नजरेने पाहते, ती नजर त्याला आपल्या मुलावर नको असते. आपल्याकडे कला ही जातीला बांधलेली होती. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवायचे आणि वाण्याच्या मुलाने तराजू धरायचा, असा जन्मतःच झालेला लेख होता. जातिव्यवस्था केवळ कामे वाटून देत नाही, काम करणाऱ्या माणसांनाही एकमेकांपासून तोडते, असा मूलगामी आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली घेतला, तो हस्तकलांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी पचवला पाहिजे. शाळा हे त्या बंधनातून सुटण्याचे दार होते. त्याच दारातून पुन्हा चाक नि माग आत आणायचा, तर कशासाठी, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

माझ्या अल्पमतीनुसार परदेशांशी होणाऱ्या देवघेवीचे महत्त्व नेमके या ठिकाणी आहे. परदेशातून पैसा येतो, पारितोषिके येतात, पाहुणे येतात, हे सारे दुय्यम. दूरच्या माणसाला कारागिराची जात दिसत नाही, त्याला हात दिसतो. तो ज्या कुतूहलाने टोपलीची वीण न्याहाळतो, त्या कुतूहलात उच्चनीच नसते. त्याची ती नजर उसनी घेऊन आपण आपल्याच शेजाऱ्याकडे पाहायला शिकलो, तर देवघेव सफळ झाली असे म्हणता येईल. हे केवळ तत्त्वाचे बोलणे नव्हे. आपल्या इतिहासात याचे दाखले आहेत, आणि त्यांतला पहिला दाखला एका चपलेचा आहे.

१९१० साली दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गपासून काही अंतरावर, गांधीजी आणि त्यांचे स्नेही हरमन कॅलनबाख यांनी टॉलस्टॉय फार्म वसवला. कॅलनबाख हे जर्मन ज्यू, व्यवसायाने वास्तुविशारद. नाताळ प्रांतात मारियानहिल येथे ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता. तेथे जाऊन कॅलनबाख चपला करण्याची विद्या शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले आणि फार्मवरच्या शाळेतील मुलांना ती शिकवली गेली. जे काम गुरुजी स्वतः करणार नाहीत ते मुलांना सांगायचे नाही, असा तेथला दंडक होता. आता या साखळीकडे जरा निरखून पाहा. ख्रिस्ती साधू, ज्यू वास्तुविशारद, काठेवाडातला मोढ वाणी बॅरिस्टर, आणि हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी घरांतली मुले. ज्या काळात हिंदुस्थानातील कोणत्याही गावात वाण्याच्या मुलाने चामड्याला हात लावला असता तर गाव हादरला असता, त्या काळात परक्या भूमीवर ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात सहज गेली. तेथे तिच्या अंगावर जातीची झूल नव्हती.

त्या चपलांची पुढची कथा सर्वश्रुत आहे. तुरुंगात केलेला एक जोड गांधीजींनी १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना जनरल स्मट्स यांना भेट दिला. ज्याने त्यांना तुरुंगात टाकले त्यालाच. स्मट्स यांनी त्या चपला अनेक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, त्या आदरपूर्वक परत पाठवल्या. हाताने केलेली वस्तू एका माणसाचे मन दुसऱ्यापर्यंत कशी नेते, याचा याहून बोलका पुरावा मला ठाऊक नाही.

आफ्रिकेतले हे बीज पुढे आपल्या शेजारी, वर्ध्याला रुजले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि उद्योगाच्या द्वारे शिक्षण देणारी नयी तालीम आकाराला आली. सूतकताईतून गणित, कापसातून भूगोल, विणकामातून इतिहास, अशी ती कल्पना होती. सेवाग्रामला हे काम सांभाळणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे मूळचे सिलोनचे, त्यांच्या पत्नी आशादेवी या शांतिनिकेतनाच्या संस्कारातल्या, आणि पुढे त्यांना येऊन मिळालेल्या मार्जोरी साइक्स या इंग्लंडच्या. म्हणजे जी गोष्ट आपण अस्सल देशी समजतो, तिच्या उभारणीत तीन देशांचे हात होते. त्याच सुमारास मध्यप्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना सुरू झाली होती, आणि आपला भाग त्याच प्रांतात मोडत होता.

नयी तालीम सर्वत्र टिकली नाही. का टिकली नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर त्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी हरकत घेतली होती. शाळेतला स्वस्त माल बाजारात आला तर गरीब कारागिराच्याच पोटावर पाय येईल, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे घडले असे की चरखा गरिबांच्या शाळेत राहिला आणि सुस्थितीतील घरांची मुले पुस्तकी शाळेत गेली. हात आणि डोके यांची जी फारकत मोडायची होती, ती दोन प्रकारच्या शाळांच्या रूपाने पुन्हा उभी राहिली. हा धडा आपण विसरता कामा नये. हस्तकला शाळेत आणायची तर ती सर्वांसाठी आणली पाहिजे. कोष्ट्याच्या मुलाने मागावर बसायचे आणि वकिलाच्या मुलाने संगणकावर, असे होणार असेल तर तो उपक्रम न केलेला बरा.

या बाबतीत उत्तर युरोपातील राष्ट्रांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेऊस यांच्या प्रेरणेने १८६६ सालीच लोकशाळांत हस्तव्यवसायाला अभ्यासक्रमात स्थान मिळाले. शेजारच्या स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांनी नेस येथे शिक्षकांसाठी वर्ग चालवले, आणि तेथे अनेक देशांतून शिक्षक येत. या विषयाला तिकडे ‘स्लॉयड’ म्हणतात. आजही स्वीडनच्या शाळेत तो सक्तीचा विषय आहे. मुलगा असो वा मुलगी, श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाने लाकडावर रंधा मारायचा आणि प्रत्येकाने सुई-दोरा हाती धरायचा. त्यातून सारेच सुतार-शिंपी होत नाहीत, आणि तसा हेतूही नाही. परंतु मोठेपणी न्यायाधीश झालेल्या माणसालाही एक खुर्ची घडवण्यास किती श्रम पडतात हे ठाऊक असते. खुर्चीची किंमत करताना ते ज्ञान उपयोगी पडते.

महाराष्ट्रात, डहाणू तालुक्याच्या वारली पाड्यांत, या देवघेवीचे दोन निराळे नमुने आढळतात. पहिला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. माँटेसोरीबाईंची बालशिक्षणपद्धती इटलीतून आली. तिची साधने सुबक, परंतु महागडी. १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू करताना आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवताना या दोघींनी काय केले? बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या, माती यांपासूनच साधने तयार केली. तत्त्व बाहेरचे घेतले, आणि ते अंगणातल्या वस्तूंत उतरवले. घेणे कसे असावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

दुसरा नमुना देण्याचा. वारल्यांची चित्रे पूर्वी लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढीत. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी या मराठी कलावंताने त्या भागात हिंडून ही चित्रे कागदावर आणवली. जिव्या सोमा म्हसे यांच्या बोटांतून ती पुढे जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. जपानच्या नीगाता प्रांतातील तोकामाची येथे तर मिथिला संग्रहालय म्हणून एक संस्थाच १९८२ पासून भारतीय लोकचित्रे जतन करीत आली आहे. आणि २०१३ साली जपानी मंडळींच्या पुढाकाराने डहाणूजवळच्या गंजाड येथील शाळेत भित्तिचित्रांचा उत्सव भरला. परदेशी चित्रकार आणि वारली चित्रकार यांनी शाळेच्या भिंती रंगवल्या, आणि मुले भोवती. ज्या आदिवासी मुलांना पाठ्यपुस्तकाने नेहमी मागासलेले म्हटले, त्या मुलांनी पाहिले की आपल्या आजीच्या बोटांची विद्या शिकण्यासाठी कोणी समुद्र ओलांडून आले आहे. त्या दर्शनाचे मोल पैशात होत नाही.

परंतु आपल्याला डहाणूपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्याच सौंसर तालुक्यात पारडसिंगा नावाचे गाव आहे. काटोलजवळचे अनसूयामातेचे पारडसिंगा ते निराळे. या आपल्या पारडसिंग्यात शिल्पकार श्वेता भट्टड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’ या नावाने शेतकरी, कारागीर आणि कलावंत यांचा एक समूह उभा केला. बडोद्याच्या विद्यापीठात कलेचे शिक्षण घेतलेल्या या कन्येने महानगर न निवडता गाव निवडले. देशी कापूस पिकवायचा, तो हाताने कातायचा, त्या सुताच्या राख्या करायच्या आणि प्रत्येक राखीत देशी बियाणे गुंफायचे, हे काम तेथील स्त्रिया करतात. राखीपौर्णिमा झाली की राखी मातीत पेरायची. २०१५ साली याच गावाच्या शेतात पिकांच्या वाफ्यांतून पंतप्रधानांचे भव्य चित्र साकारून भारतात पिकवा अशी विनवणी करण्यात आली, त्याची वार्ता देशभर झाली. कॅनडातील व्हँकुव्हर येथील कलामहोत्सवाच्या निमित्ताने त्यांनी आणखी एक कल्पना मांडली. निरनिराळ्या देशांतल्या लोकांनी ‘माझे एक स्वप्न आहे’ ही अक्षरे आपापल्या भाषेत, भाजीपाल्याच्या वाफ्यांच्या रूपाने जमिनीवर पेरावीत.

या उपक्रमातली मला भावलेली गोष्ट ही की येथे जगाला दाखवण्यासाठी म्हणून काही केले गेले नाही. कापूस आपल्याच रानातला, राखी आपल्याच सणाची, बियाणे आपल्याच मातीत परत जाणारे. जग त्यात सहभागी झाले ते बरोबरीच्या नात्याने. कोणी दाता नाही, कोणी याचक नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला अगत्याचे वाटते. परदेशी देवघेवीच्या नावाखाली पुष्कळदा जे चालते ते प्रदर्शन असते. पाहुणे येणार म्हणून मुलांना फेटे बांधायचे, कधी न वापरलेली जाती-उखळे मांडायची, दोन तास टकळी फिरवायची, छायाचित्रे काढायची आणि पाहुण्यांची गाडी वळताच टकळ्या कपाटात. अशाने मुले नाटक शिकतात. कला शिकत नाहीत. शिवाय परदेशी ग्राहकाची आवड चंचल असते. तिच्यावर विसंबून कोणताही माग वर्षानुवर्षे चालत नाही. जी वस्तू आपल्या घरात वापरात नाही, ती परक्याच्या दिवाणखान्यात किती दिवस राहणार? म्हणून माझे म्हणणे असे की देवघेवीची पहिली अट घरातली आहे. सुपात धान्य पाखडले जावे, माठातले पाणी प्यावे, निदान सणाला तरी सौंसरची साडी नेसावी. मग जगाला सांगण्यासारखे आपल्यापाशी काही उरेल.

आता प्रत्यक्ष काय करता येईल, याचा विचार करू. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळात त्यांनी गावातील सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्यापाशी शिकावे, असे सुचवले आहे. कागदावरची ही तरतूद आपल्या तालुक्यांत जिवंत करता येईल. त्यासाठी तीन पथ्ये मात्र पाळावी लागतील. एक, शिकवणाऱ्या कारागिराला गुरुजनांइतकाच मान आणि योग्य मानधन मिळावे. त्याने शाळेत यावे ते मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसण्यासाठी. दोन, कोणत्याही मुलाला त्याच्या घरचा धंदा देऊ नये. विणकराच्या मुलीने लाकूडकाम शिकावे, शेतकऱ्याच्या मुलाने विणावे, व्यापाऱ्याच्या मुलाने बांबूच्या कामट्या सोलाव्यात. तीन, मुलांनी केलेली वस्तू बाजारात कारागिराशी स्पर्धा करण्यासाठी जाऊ नये. ती भेट म्हणून जावी.

आणि भेट कोणाला? येथे परदेशांतील शाळा येतात, तशीच परदेशांतली आपली माणसेही येतात. विदर्भातून आणि आपल्या भागातून अनेक कुटुंबे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात स्थिरावली आहेत. उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये स्थापन झालेले बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, गावोगावच्या मंडळांतून तेथे मराठी शाळा भरतात. तेथल्या मुलांची अडचण मोठी विलक्षण आहे. त्यांना शब्द शिकवले जातात, पण वस्तू दिसत नाही. ‘सूप’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे वाटीतले पेय येते. आपल्या मुलांची अडचण नेमकी उलटी. त्यांच्यासमोर वस्तू असते, निदान आजीच्या माळ्यावर तरी असते, परंतु शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने हिंदी असल्याने आणि वापर सुटल्याने तिचा शब्द त्यांच्या ओठांवर राहिलेला नाही. एकापाशी शब्द, दुसऱ्यापाशी वस्तू. या दोघांची गाठ घालून देणे ही देवघेवीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी रीत ठरेल. इकडच्या मुलाने स्वतः कातलेली सुताची लडी किंवा स्वतः रंगवलेला लाकडी बैल पाठवावा, सोबत तो कसा केला याचे मराठी पत्र. तिकडच्या मुलाने त्याच्या परिसरातली एखादी कला शिकून तसेच उत्तर पाठवावे. आधुनिक साधनांनी दोघे एकमेकांचे हात चालताना पाहूही शकतात.

आता प्रारंभी राखून ठेवलेल्या शंकेचे उत्तर देतो. ग्रंथालयाने यात काय करावे? माग बंद पडतो तेव्हा एक धंदा बंद पडतो, इतकेच आपण समजतो. परंतु त्याच्याबरोबर भाषेचे एक दालन बंद होते. धोटा, फणी, कांडी, खळ, ताणा, बाणा. सुताराचे रंधा, वाकस, पटाशी. बुरुडाची परडी, दुरडी, डालगे. बैलाचे कासरा, वेसण, झूल, मठाटी. हे शब्द कोशात आहेत, परंतु कोशातला शब्द म्हणजे वाळवलेले फूल. तो बोलणारा माणूस गेला की त्याचा उच्चार, त्याच्याभोवतीच्या म्हणी आणि पोळ्याच्या झडत्यांतले त्याचे स्थान, सारे जाते. सीमेवरच्या आपल्या मराठीत असे कितीतरी शब्द असतील, जे पुण्यामुंबईच्या कोशकारांपर्यंत पोहोचलेच नाहीत. ते टिपून घेणे हे पुण्यामुंबईचे काम नाही; ते आपले आहे.

म्हणून या शताब्दीवर्षाच्या निमित्ताने माझी तीन नम्र सूचना आहेत. पहिली, ग्रंथालयाने ‘आपल्या भागातील कारागिरांचे शब्द’ असा एक संग्रह हाती घ्यावा. शाळेतल्या मुलांनी कारागिरांकडे जाऊन शब्द, वस्तूचे रेखाचित्र आणि ती करण्याची रीत लिहून आणावी, आणि जाणत्या सभासदांनी ती तपासावी. यातून मुलांचे मराठी लेखनही सुधारेल. दुसरी, ग्रंथालयाच्या एका कपाटात पुस्तकांऐवजी वस्तू ठेवाव्यात. त्या मुलांना हाताळता याव्यात, कुलपात नसाव्यात. प्रत्येक वस्तूवर ती करणाऱ्याचे नाव असावे. तिसरी, वर्षातून एकदा, तान्ह्या पोळ्याच्या सुमारास, येथे मुलांचा हस्तकलेचा मेळावा भरावा, आणि परदेशातून आलेल्या वस्तू नि पत्रे त्यात मांडली जावीत. ज्या दिवसांत जग आपल्याकडे वेगळ्या कारणाने पाहते, त्याच दिवसांत त्याला दाखवण्यासारखे दुसरे काही आपल्यापाशी असू द्या.

या साऱ्याला लागणारा पैसा फार नाही. लागेल ते दृष्टीचे परिवर्तन. आपल्या देणगीदारांत बागायतदार आहेत, व्यापारी आहेत, डॉक्टर-वकील आहेत. त्यांना माझी विनंती अशी की देणगीबरोबर आपली मुले-नातवंडेही या उपक्रमाला द्यावीत. विणकराचे मूल तर येईलच. परंतु तुमचे मूल त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडून धोट्याची फेक शिकेल, तेव्हाच त्या फेकीला मान येईल. परदेशातली मुले नंतर येतील. पहिली देवघेव आपल्याच गावात, एका आळीतून दुसऱ्या आळीत व्हायची आहे. ती झाली तर समुद्रापलीकडची सोपी आहे; ती झाली नाही तर समुद्रापलीकडची व्यर्थ आहे.

 या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात येथल्या कपाटांत ग्रंथकारांच्या नावांशेजारी कारागिरांचीही नावे दिसोत, अशी माझी सदिच्छा आहे.